नाळेचे रक्त : नित्य, नैमित्तिक की काम्य?

(भंडारा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे.)

आजचा विषय आम्ही शोधला नाही, तो आमच्या ओसरीवर चालत आला. पावसाळ्याच्या तोंडाशी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. लाखनीकडच्या एका शाळेत मास्तर आहे, घरी थोडी धानाची शेती, बायकोला सातवा महिना लागलेला. खिशातून त्याने एक घडी केलेली रंगीत पुस्तिका काढली. बाळ जन्मताच नाळेतले रक्त काढून घ्यायचे आणि एका खासगी पेढीत पुढची कितीतरी वर्षे गोठवून ठेवायचे, अशी ती योजना. खर्च साठ हजारांच्या वर, हप्त्यांची सोय. तो म्हणाला, "सर, पैसे गेले त गेले जी. पण उद्या पोट्टं म्हणू नये का बापानं माझ्यासाठी केलं नाही."

त्या दिवशी आम्ही त्याला चहा दिला, उत्तर दिले नाही. पुस्तिका ठेवून घेतली आणि नंतर नीट वाचली. आजचे व्याख्यान म्हणजे त्याला द्यायचे राहिलेले उत्तर आहे, जरा लांबलेले.

सुरुवातीलाच एक कबुली. आमच्या नावापुढे 'डॉक्टर' लागते ते तत्त्वज्ञानाचे. आमच्या औषधाने आजवर कोणाचे डोके दुखायचे थांबलेले नाही, झालेच तर सुरू झाले आहे. (हशा.) तेव्हा वैद्यकातले जे आम्ही सांगू ते वैद्यकाच्या लोकांनी जाहीरपणे मांडलेले आहे. आमचे काम एवढेच, की 'आवश्यक' हा शब्द त्या पुस्तिकेत कोणत्या अर्थाने आला आहे, ते तपासायचे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. बाळ पोटात असताना त्याचे रक्त नाळेतून वारेत जाते आणि परत येते. बाळ बाहेर आले, नाळ कापली, की नाळेत आणि वारेत थोडे रक्त उरते. पूर्वी ते वारेबरोबर मातीत जायचे. आपल्याकडे वार अंगणात पुरत, म्हणून तर 'आपली नाळ इथे पुरली आहे' असे आपण गावाबद्दल म्हणतो. या उरलेल्या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी असतात, ज्यांना सगळे स्टेम सेल म्हणतात. हाडांच्या मगजातही त्याच असतात. एखाद्याचे रक्त तयार करणारे यंत्रच बिघडले, तर दुसऱ्याच्या मूळपेशी देऊन ते नव्याने उभे करता येते.

हे नुसते कागदावरचे नाही. १९८८ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी जगात पहिल्यांदा हे केले. फॅन्कोनी अॅनिमिया नावाचा जन्मजात रक्तदोष असलेल्या एका लहान मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतले रक्त दिले, आणि तो मुलगा वाचला, मोठा झाला. त्यानंतर जगात हजारो रुग्णांना असे रक्त दिले गेले आहे. म्हणजे विज्ञान खरे आहे. पण त्या पहिल्या घटनेतला एक तपशील लक्षात ठेवा, तो पुस्तिकेत बारीक अक्षरातही नाही. रक्त बहिणीचे होते, आजार भावाचा होता. मुलाला त्याचे स्वतःचे रक्त दिलेले नव्हते.

आता पुस्तिकेकडे येऊ. तिच्यातले एकेक वाक्य सुटे घेतले तर खोटे फारसे सापडत नाही. नाळेतल्या रक्ताने अनेक आजारांवर उपचार होतात, हे खरे. ही संधी जन्माच्या वेळी एकदाच येते, हेही खरे. स्वतःच्या पेशी स्वतःला शंभर टक्के जुळतात, हेही खरेच. ही तीन खरी वाक्ये एकाखाली एक मांडली, की वाचणाऱ्याच्या मनात चौथे वाक्य आपोआप उमटते : 'म्हणून माझ्या बाळाचे रक्त माझ्या बाळाच्या आजारासाठी ठेवले पाहिजे.' हे चौथे वाक्य पुस्तिकेत कुठेही छापलेले नाही. ते आपणच म्हणतो, आणि सही करतो.

ते का निघत नाही, बघा. ज्या आजारांची यादी दिली आहे, त्यांतले कितीतरी आनुवंशिक आहेत. थॅलेसेमिया, सिकलसेल, जन्मजात प्रतिकारशक्ती नसणे. हा दोष बाळाच्या प्रत्येक पेशीत असतो, म्हणजे नाळेतल्या पेशीतही असतो. आपल्या धानपट्ट्यात हे समजावून सांगायला नको. करप्याने खाल्लेल्या बांधीतले बी राखून पुढल्या वर्षी तेच पेरले, तर काय उगवेल? शंभर टक्के जुळणारे बी, आणि शंभर टक्के तोच दोष. रक्ताच्या कर्करोगातही डॉक्टर सहसा रुग्णाचे स्वतःचे नाळेचे रक्त वापरत नाहीत, कारण बालपणीच्या काही कर्करोगांची बीजे जन्माच्या वेळीच त्या रक्तात असू शकतात.

मग स्वतःचे रक्त स्वतःला उपयोगी पडण्याची शक्यता किती? वैद्यकीय संस्थांच्या निवेदनांत जो अंदाज दिला जातो, तो ०.०४ टक्क्यापासून ०.०००५ टक्क्यापर्यंतचा आहे. म्हणजे अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, जिला आपण आयसीएमआर म्हणतो, तिने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत भविष्यातल्या स्वतःच्या वापरासाठी असे रक्त राखण्याला शास्त्रीय आधार नाही अशीच भूमिका घेतली. भारतीय बालरोग अकादमीने २०१८ मध्ये सांगितले, की घरात आधीच असा रुग्ण असेल तरच खासगी साठवणूक करावी. अमेरिकेतल्या बालरोग आणि स्त्रीरोग तज्ज्ञांच्या संस्थाही सरसकट खासगी साठवणुकीची शिफारस करत नाहीत. फ्रान्स आणि इटलीत तर स्वतःपुरत्या खासगी पेढ्यांना परवानगीच नाही.

विक्रेता इथे हुशारीने म्हणतो, "शक्यता कमी आहे, मान्य. पण मुलाच्या जिवापुढे साठ हजार म्हणजे काय?" तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद ओळखीचा आहे. सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने देवाविषयी तोच मांडला होता. देव असण्याची शक्यता थोडी का असेना, असला तर लाभ अनंत, म्हणून पैज लावा. त्याला तेव्हापासून दिले जाणारे उत्तर असे, की अशा पैजा एक नाही, शेकडो आहेत. कोणता देव? इथेही तेच. मुलाचा जीव अमोल आहे म्हणून दोन लाखांत एका शक्यतेवर साठ हजार लावायचे असतील, तर तितक्याच अमोल जिवासाठी विहिरीला कठडा, घराला नीट अर्थिंग, दुचाकीवर हेल्मेट, लसी वेळेवर, आरोग्य विम्याचा हप्ता, या सगळ्यांवर आधी पैज लावायला हवी. तिथे शक्यता कितीतरी मोठ्या आहेत. 'जीव अमोल आहे' हे वाक्य कोणतीही वस्तू विकू शकते, म्हणून ते कोणत्याच एका वस्तूची गरज सिद्ध करत नाही.

'जैविक विमा' या शब्दाचेही तसेच. विम्यात ज्या संकटाची भीती असते, ते आले की पैसे मिळतात. इथे ज्या आजारांची भीती दाखवली, त्यांतले बरेच आले तरी ठेव कामी येत नाही. आणि पेढीही माणसांचीच असते. २०२३ च्या नोव्हेंबरात सिंगापूरमध्ये कॉर्डलाइफ या मोठ्या कंपनीच्या टाक्यांचे तापमान बिघडल्याचे तिथल्या आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले. सुमारे २,२०० कुटुंबांनी ठेवलेले रक्त खराब झाले होते.

आता 'आवश्यक' या शब्दाकडे. आपल्याकडे मीमांसकांनी कर्माचे तीन प्रकार केले आहेत. आम्ही इथे कर्मकांडाची वकिली करायला उभे नाही, फक्त शब्द उसने घेतो आहोत, कारण ते फार नेमके आहेत. नित्य म्हणजे जे प्रत्येकाने करायचे आणि न केले तर दोष लागतो. नैमित्तिक म्हणजे निमित्त घडले तरच करायचे. आणि काम्य म्हणजे ज्याला अमुक फळ हवे आहे त्याने करायचे. पाऊस हवा असेल त्याने कारीरी इष्टी करावी, तसे. कोणी काम्य कर्म केले नाही म्हणून त्याला दोष लागत नाही.

पुस्तिकेची सगळी करामत एवढीच आहे, की तिने एक काम्य कर्म नित्य म्हणून मांडले आणि न करणाऱ्या बापाला आधीच दोषी ठरवले. 'उद्या पोट्टं म्हणू नये' हे आमच्या विद्यार्थ्याचे वाक्य त्याचे नव्हते. ते त्याच्या तोंडी घातले गेले होते.

मग जन्माच्या वेळी नाळेच्या रक्ताबाबत नित्य काय आहे? आहे एक गोष्ट, आणि ती फुकट आहे. नाळ कापायची घाई करायची नाही.

बाळ जन्मते त्या क्षणी त्याच्या रक्ताचा जवळजवळ तिसरा हिस्सा अजून वारेत असतो. नाळ थोडा वेळ चालू ठेवली, तर ते रक्त बाळाकडे येते. तीन मिनिटांत साधारण ८० ते १०० मिलिलिटर. ऐकायला अर्धा कप. पण तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच पाव लिटरच्या आसपास असते. मोठ्या माणसाच्या हिशेबाने दीड लिटर रक्त म्हणा. त्या रक्तातले लोह बाळाला पुढचे काही महिने पुरते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की एका मिनिटाच्या आत नाळ बांधू नये. भारत सरकारच्या २०१८ पासूनच्या अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमातही नाळ उशिरा बांधण्याचा समावेश आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तर याने मृत्यू कमी होतात, असे २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात दिसले. बाळ श्वास घेत नसेल, आईला धोका असेल, तर डॉक्टर लगेच नाळ कापतील, तो निर्णय त्यांचा. उशिरा बांधल्याने थोड्या बाळांना कावीळ जरा जास्त होऊ शकते, तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. तरीही नियम तो आणि अपवाद हे.

आणि हे आपल्याच भागात का महत्त्वाचे? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी निघाली. शंभरात एकोणसत्तर. आई रक्तक्षयी, बाळ रक्तक्षयी. अशा मुलखात जन्मलेल्या बाळाचे अर्धा कप रक्त, जे त्याचेच आहे, ते त्याला द्यायचे की पिशवीत भरायचे, हा प्रश्न आहे. कंपन्या म्हणतात, नाळ उशिरा बांधूनही रक्त घेता येते. येते. पण मग जे उरते ते बहुधा कमी असते, आणि पेशी कमी असल्या तर उपचाराला पुरत नाहीत. दोन्ही हातांत लाडू इथे मिळत नाही. जास्त साठवायचे तर लवकर बांधावे लागते.

आमच्या लहानपणी गावच्या सुईणी वार पडेपर्यंत नाळ कापत नसत. त्यांना लोह माहीत नव्हते, आणि त्यांच्या गंजक्या पात्याने धनुर्वाताने किती बाळे गेली, हेही विसरून चालणार नाही. पाते बदलले हे फार चांगले झाले. त्याबरोबर त्यांचे थांबणेही आपण टाकून दिले, ते तेवढे परत आणायचे आहे.

मीमांसेतच एक गमतीची चर्चा आहे. मुलगा झाला की जातेष्टी नावाची इष्टी सांगितली आहे. ती जन्मल्याबरोबर करायची का? मीमांसक म्हणतात, नाही. ती आटपेपर्यंत बाळ दुधावाचून राहील, त्याच्या जिवालाच धोका होईल. म्हणून जातकर्म आधी होऊ द्या, सुतक संपू द्या, मग करा. बाळाच्या भल्यासाठीचा विधी बाळाच्या पहिल्या घासाच्या आड येता कामा नये, एवढे भान त्या कर्मठ पंडितांनाही होते.

आता नैमित्तिक. इथे आम्हाला आवाज थोडा खाली आणावा लागतो, कारण या सभागृहात अशी घरे बसलेली असतील. आपला पूर्व विदर्भ, म्हणजे भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, हा सिकलसेलचा पट्टा आहे. कोणाच्या घरात थंडी पडली की मुलाचे सांधे दुखून रात्र रात्र रडणे असते, डोळे पिवळे होणे असते, रक्त चढवायला जिल्ह्याच्या ठिकाणी धावणे असते. १ जुलै २०२३ ला केंद्राने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले, २०४७ चे उद्दिष्ट ठेवून. आपल्याकडे 'एएस' आणि 'एसएस' ही अक्षरे आता लग्न जुळवताना ऐकू येतात, हे एक चांगले लक्षण आहे.

ज्या घरात एसएस मूल आहे आणि दुसरे बाळ येऊ घातले आहे, तिथे निमित्त घडले आहे. तिथे नाळेचे रक्त घेण्याचा विचार जरूर करावा. पॅरिसच्या त्या घटनेसारखी हीच ती जागा. पण तिथेही हिशेब सरळ सांगावा. आई-बाप दोघे एएस असतील, तर सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. नवे बाळ स्वतः एसएस नसण्याची चारात तीन. जुळणी ठरवणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर, सिकलसेलचे अकराव्यावर, म्हणून दोन्हींचा गुणाकार करायचा. सोळात तीन. दोन लाखांत एकाच्या तुलनेत हे आभाळाएवढे आहे, आणि तरीही खात्री नाही. शिवाय जुळणारे भावंड जन्मले, तर थोडे मोठे झाल्यावर त्याचा मगज घेता येतो. तेव्हा रक्त साठवता आले नाही म्हणून दार बंद होत नाही.

विरोधाभास बघा. ज्या घराला खरे निमित्त आहे, ते बहुधा लाखांदूर किंवा मोहाडीच्या एखाद्या खेड्यातले मजुराचे घर असते. त्याच्याकडे पुस्तिका घेऊन कोणी जात नाही. ज्याला निमित्त नाही, पण पगार आहे, त्याच्या दारात ती जाते. साठवणुकीची गरज आणि साठवणुकीची जाहिरात एकमेकींना टाळून चालतात. आमचा आक्षेप विज्ञानावर नाही, या वाटेवर आहे. आजारी भावंड असलेल्या घरासाठी हे काम सरकारी रुग्णालयाच्या जबाबदारीवर, मोफत आणि तज्ज्ञाच्या सल्ल्याने व्हायला हवे.

राहिले काम्य. एखाद्याकडे पैसा आहे, त्याला सगळे समजले आहे, आणि तरी रक्त ठेवावेसे वाटते. ठेवू द्या. त्याला हसू नका. एक मिनिट तरी नाळ थांबवून मग काय उरेल ते घ्या, एवढेच त्याला सांगा.

मित्रहो, शेवटी एक गोष्ट सांगितल्याशिवाय भंडाऱ्यात या विषयावर बोलता येत नाही. ९ जानेवारी २०२१. इथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली. सतरा बाळे आत होती. दहा गेली. ती बाळे बहुतेक खेड्यांतल्या, रोजीवर जगणाऱ्या घरांची होती. दोष कोणाचा, हे आमचे आजचे काम नाही. पण नवजात बाळासाठी 'आवश्यक' काय, हे या जिल्ह्याला फार महागात कळले आहे. उणे १९६ अंशांवर गोठवलेल्या पिशवीची रात्रंदिवस राखण करणारी यंत्रणा आपण उभी करू शकतो, याचा अर्थ राखण करणे आपल्याला येते. ती राखण आधी कशाची व्हावी, एवढेच आम्ही विचारतो आहोत.

त्या विद्यार्थ्याला आम्ही नंतर फोन केला. म्हणालो, "दोघांची सिकलसेलची तपासणी झाली आहे ना? मग पैसे ठेव. बाळंतपणाच्या आधी डॉक्टरांना नम्रपणे विचार, नाळ किती वेळाने बांधता. आणि पोट्टं मोठं झाल्यावर काही म्हणालंच, तर सांग, तुझं रक्त तुलाच दिलं होतं."

प्रश्नोत्तरे

प्रश्न (एक भगिनी) : आम्ही पैसे भरून बसलो आहोत. पुढल्या महिन्यात तारीख आहे. आता काय करावे?

उत्तर : ताई, मनाला लावून घेऊ नका, तुम्ही प्रेमानेच केले आहे. तीन गोष्टी करा. नाळ एक मिनिटाच्या आत बांधू नये, हे डॉक्टरांना आधी सांगा. करारात पैसे परत मिळण्याचे कलम वाचा. आणि रक्त घेतल्यावर किती पेशी मिळाल्या, याचा लेखी अहवाल मागा. पेशी पुरेशा नसतील, तर दरवर्षीचे शुल्क भरत राहायचे कारण उरत नाही.

प्रश्न (एक आशाताई) : माझ्या गावात नवरा-बायको दोघेही एएस आहेत. त्यांना काय सांगू?

उत्तर : नाळेच्या रक्ताच्या आधीचे सांगा. दिवस गेल्याबरोबर जिल्हा रुग्णालयात दाखवायचे. गर्भाची तपासणी पहिल्या तीन महिन्यांच्या सुमारास होऊ शकते, तिच्याबद्दल तिथे विचारायचे, निर्णय त्यांचा. बाळ झाल्यावर त्याची तपासणी लवकर करायची. पहिले मूल एसएस असेल, तर दुसऱ्या बाळंतपणाच्या आधीच रक्तविकार तज्ज्ञांची गाठ घालून द्या. तुमचे काम आमच्या व्याख्यानापेक्षा मोठे आहे.

प्रश्न (एक तरुण) : सर, उद्या संशोधन पुढे जाईल. तेव्हा हेच रक्त उपयोगी ठरले तर?

उत्तर : ठरू शकते. पण संशोधन एकाच दिशेने पुढे जात नाही. आज आई-बापांकडून अर्धवट जुळणाऱ्या पेशी घेऊनही उपचार होऊ लागले आहेत, जनुकावरचे उपचार आले आहेत. उद्याचे विज्ञान साठवलेल्या पिशवीला मोल देईल, तसे तिला निरुपयोगीही करेल. ज्या उद्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, त्याच्या नावाने आज फक्त विक्री होते. बाळाला आज रक्त हवे आहे, हे मात्र आपल्याला माहीत आहे.